इरसाल

रुवीत, घड्याळाच्या चौकामागे, रय्याबाईंचं सनद ऑफिस.
सनद म्हणजे इथे शिक्कामोर्तबाचा जुना कागद नव्हे,
तीन खुर्च्या, दोन प्रिंटर, थंड पाण्याचं एक मशीन
आणि भिंतीला टेकलेली माणसं, हातात पासपोर्ट,
पासपोर्टात रबरबँडने धरलेले फोटो.

त्यांचा फॉर्म मी लिहिला.
तळाशी निळं बटण, त्यावर अरबीत: इरसाल.
पाठवा, एवढाच अर्थ.
सांगोल्यात हा शब्द आम्ही
माझ्या एका चुलत्यासाठी राखून ठेवला होता,
जो भर मांडवात दुसऱ्याचा आहेर
स्वतःच्या नावाने पुकारायचा.

बुधवारी झैनुद्दीन सरगुरोह आला. बाणकोटचा.
एसीचे डक्ट बसवतो, बोटांना पत्र्याचे बारीक काप.
बायको आणि दोन मुली, तीन महिन्यांसाठी आणायच्या.
मीच भरतो म्हणाला.
बायकोचं नाव भरलं. थोरली, मिस्बाह, भरली,
जन्मतारीख पासपोर्टाशी दोनदा ताडून.
मग धाकटीसाठी ते लहान राखाडी बटण,
ज्यावर अरबी, हिंदी आणि माझी हौस म्हणून मराठीतही
लिहिलं होतं: आणखी एक नाव जोडा.

दाबलं.
पान गेलं.

हिरव्या अक्षरांत आलं, तुमचा अर्ज पोचला आहे.
फी पंधरा रियाल. परत मिळत नाही.

"आनि माजी धाकली कुठं ऱ्हायली?"
तो उठला, स्क्रीनच्या मागे वाकून बघितलं,
खरंच बघितलं.
तिथे वायरी होत्या.

चूक सापडायला वेळ लागला नाही, तेच मनाला लागलं.
फॉर्मच्या आत ठेवलेल्या बटणाला
तू कोण, हे सांगितलं नाही
तर ते स्वतःच ठरवतं: मी पाठवणारा.
अंगावर काहीही लिहा,
जोडा, मोजा, मागे जा, मदत हवी,
आतून ते इरसालच.
कुंपणाबाहेर तेच बटण धोंड्यासारखं बसून राहतं,
कितीही दाबा, हूं नाही की चूं नाही.
आत आलं की त्याला पाठवणं सुचतं.

हे मला ठाऊक होतं.
एका पोराला शिकवलंही होतं, पैसे घेऊन.

माझ्या कार्डावर व्यवसाय अजून सुतार आहे.
पहिल्या कंपनीकडे तोच व्हिसा शिल्लक होता,
आणि नंतर कोणी बदलला नाही, मीही नाही.
गुरुवारी एक्स्चेंजच्या काचेपलीकडची मुलगी
कार्ड बघते, सुतार वाचते,
माझ्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बघते,
आणि विचारते फक्त, किती पाठवायचे?
नऊ वर्षं झाली. दर महिन्याला मी आकडा सांगतो.

दुरुस्ती एका शब्दाची.
बटणाला सांगितलं, तू नुसतं बटण आहेस.
निळ्यालाही एक सवय लावली,
एकदा दाबलं की राखाडी होऊन गप्प बसायचं,
घाईतला दुसरा ठोका ऐकायचा नाही.

रय्याबाईंनी जुना अर्ज रद्द करवून आणला,
पंधरा रियाल माझ्या बिलातून कापले, चहा मात्र पाजला.

रविवारी झैनुद्दीन माउसला हात लावेना.
तुमीच दाबा, म्हणाला.
मी म्हणालो, नाही, तुम्हीच.
बायको. मिस्बाह. मग ते राखाडी.
त्याने डोळे बारीक केले, ठिणगीसमोर करतो तसे,
आणि दाबलं.

खाली एक रिकामी चौकट उघडली.
आत उभी रेघ, लुकलुकणारी.
"गेला?"
नाही.
"कायच नाय गेला?"
काहीच नाही.

मागे रांग होती, कोणीतरी खाकरलं.
तो खुर्ची पुढे ओढून नीट बसला,
आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत,
सुमय्या लिहायला लागला.